सोंग, सोंगाड्या आणि एकटा नट

दमणगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला जो डोंगराळ मुलूख नगर हवेली या नावाने ओळखला जातो, आणि ज्यात सुरंगी, आंबोली, खानवेल, मांदोणी अशी वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांची गावे विखुरलेली आहेत, त्याचा इतिहास लिहिणारे बहुधा पेशव्यांच्या तहनाम्यापासून आरंभ करतात आणि १९५४ च्या मुक्तिसंग्रामाशी येऊन थांबतात. या दोन टोकांच्या मधल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांत येथील माणसे दिवसाची वेठ आटोपून रात्री कशाला हसत होती, आणि त्यांना हसविणारा कोण होता, हे मात्र कोणी फारसे विचारलेले नाही. आज शहराशहरांतून तिकीट लावून ज्या हास्यरजनी होतात, ज्यांत एकटा तरुण किंवा तरुणी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून तासभर स्वतःच्याच आयुष्याविषयी बोलते आणि ज्यांना सारे ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात, त्यांचे मूळ सरसकट परदेशात शोधले जाते. या रंगमंचाची मांडणी परदेशातून आली हे खरे. परंतु जमलेल्या लोकांपुढे एकट्याने उभे राहून त्यांना हसविण्याचा, आणि हसविता हसविता त्यांच्या सरकारदरबारावर व सावकारावर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याकडे फार जुना आहे. तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हे पाहण्यासाठी नगर हवेलीइतके योग्य ठिकाण मला दुसरे दिसत नाही.

या मुलखाचे राजकीय प्राक्तन आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पाडाव केले. त्याच्या नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे १७७९ च्या तहात मिटविण्यात आला, आणि वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना तोडून देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावे प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यात गेली. पेशव्यांच्या दप्तराच्या दृष्टीने हा सरंजाम होता, म्हणजे वसुलाचा हक्क. मुलखाची मालकी नव्हे. पुढे पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला तेव्हा तेथील न्यायाधीशांनी मराठी तहनाम्याच्या मजकुराचा खल करून नेमका हाच अर्थ ग्राह्य धरला. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, इंग्रजी अमलात मात्र पोर्तुगीजांची सत्ता सार्वभौम म्हणून मानली गेली, असा निर्वाळा १२ एप्रिल १९६० च्या निकालात आहे. मधल्या काळात मात्र वसुलाचा हक्कदारच धनी होऊन बसला. १८८५ साली मुख्य ठाणे सिल्वाशास आले. भोवताली एका बाजूस इंग्रजांचा ठाणे जिल्हा, दुसरीकडे जव्हारच्या मुकण्यांचे संस्थान, तिसरीकडे धरमपूरचे संस्थान. एकाच जमातीची, एकाच बोलीची, एकमेकांत सोयरीक असलेली माणसे अशी निरनिराळ्या अमलांखाली विभागली गेली होती.

या साऱ्या अमलांच्या सरहद्दी ओलांडून जाणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे सोंगांची रात्र. कोकणा लोकांत तिला भवाडा म्हणतात. जव्हार-मोखाड्याकडे तीच बोहाडा या नावाने प्रसिद्ध आहे. होळी सरली, शेताची कामे उरकली आणि पाऊस अजून दूर आहे, अशा उन्हाळ्याच्या दिवसांत गावाच्या मोकळ्या जागेत टेंभ्यांच्या उजेडात ही सोंगे नाचतात. आरंभी गणपती आणि शारदा. मग रामायण-महाभारतातील व पुराणांतील देव, राक्षस, ऋषी. आणि पहाटे जगदंबा व महिषासुर यांचे युद्ध. मोखाड्याकडे बावन्न सोंगांचा बोहाडा सांगतात. मुखवटा लाकडाचा असो की कागदाच्या लगद्याचा, त्याचा भार मानेवर येतो. म्हणून डोक्याला आधी फडके घट्ट गुंडाळावे लागते, त्यावर मुखवटा दोरीने आवळून बांधावा लागतो, आणि दिसायला काय ती दोन लहान भोके. टेंभेकरी पुढे चालतो तो शोभेसाठी नव्हे. त्याच्या उजेडावाचून सोंगाला पाऊलही टाकता यायचे नाही. संबळ व पिपाणी वाजू लागतात, सोंगागणिक वाद्यांची चाल बदलते, आणि नाचणाऱ्याच्या पायांतील जोर पाहून जाणती माणसे दुरूनच ओळखतात की आत कोणाच्या घरचा गडी आहे.

आता या रात्रीच्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहावे. गंभीर सोंगांची रांग रात्रभर अखंड चालणे शक्य नसते. एक मुखवटा उतरून दुसरा चढेपर्यंत वेळ जातो, लहान मुले पेंगू लागतात, म्हातारी माणसे उठून जाऊ पाहतात. अशा वेळी मध्येच हसविणारे सोंग येते. त्याला पुराणाचा आधार नसतो. त्याचा आधार गावच असतो. ते कोणाच्या चालण्याची नक्कल करील, कोणाच्या घासाघिशीची करील, बाजारात भेटलेल्या परक्या माणसाच्या बोलण्याची करील. समोरून कोणी टोमणा मारला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर देईल. देवांच्या सोंगाला चाल ठरलेली असते, याला काहीच ठरलेले नसते. माझ्या मते या मुलखातील विनोदी रंगकर्मीचा पहिला पूर्वज हाच. त्याच्या अंगी दोन गुण दिसतात, जे पुढे दीडशे-दोनशे वर्षे टिकले: एक म्हणजे रात्र सांभाळण्याची जबाबदारी, आणि दुसरा म्हणजे तोंडावर बोलण्याची मुभा. ही मुभा त्याला व्यक्ती म्हणून मिळालेली नव्हती. ती सोंगाला होती. तोंडावरचे रोगण उतरले, कमरेचे फडके सुटले, की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच सावकाराच्या बांधावर राबायला जाणार होता. आणि रात्री जे बोलले गेले ते बोलणाऱ्याच्या खाती मांडायचे नाही, हा गावाचा अलिखित करार होता.

याच लोकांत एकट्याने बोलण्याची दुसरीही एक परंपरा आहे. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी रोवायची, तिच्यावरून बोटे ओढीत थाळीचा एकसारखा गुंजारव उत्पन्न करायचा, आणि त्या नादाच्या आधाराने रात्रभर कथा सांगायची. कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवतेची, जगाच्या उत्पत्तीची, राम-रावणाची. या कथांतील राम आणि रावण राजवाड्यात राहत नाहीत. ते याच रानातले, याच चालीरीतींचे, शेत नांगरणारे आणि शिकार करणारे असतात. थाळकऱ्याला ना पोशाख, ना मुखवटा, ना उठून नाचणे. बसल्या जागेवरून केवळ आवाजाच्या चढउताराने तो पाच-दहा माणसे श्रोत्यांपुढे उभी करतो. मुखवट्यावाचून, एकट्याच्या कंठाने सभा धरून ठेवण्याचे हे सामर्थ्य आणि भवाड्यातील सोंगाची ती मोकळीक या दोन गोष्टी एका माणसात एकत्र यायला पुष्कळ काळ जावा लागला.

देशावर याच सुमारास तमाशाचा फड रूप घेत होता. राम जोशी, होनाजी बाळा, अनंत फंदी यांची शाहिरी उत्तर पेशवाईतली, म्हणजे नगर हवेलीचा सरंजाम झाला त्याच पिढीतली. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम पुढे स्थिर झाला, आणि त्यातील बतावणी म्हणजे सोंगाड्याचे स्वराज्य. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवून पेंद्या दही-दुधाचे दान मागतो, तेव्हा समोर बसलेल्या शेतकऱ्याला जकातनाका आणि त्यावरचा शिपाई आठवल्यावाचून राहत नाही. वगात राजा सिंहासनावर बसतो आणि सोंगाड्या त्याचा हुजऱ्या होऊन पायाशी उभा राहतो; राजाची प्रत्येक आज्ञा तो इतक्या तत्परतेने आणि इतक्या भलत्या अर्थाने पाळतो की आज्ञेतील अन्याय उघडा पडतो. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभार उभा केला तो याच परंपरेतून. त्या भूमिकेची संहिता हातात घेऊन वाचणाऱ्याला इंदुरीकरांचा निम्माही अंश सापडणार नाही, कारण समोरच्या माणसांच्या तोंडाकडे पाहून शब्द लांबवणे, आखडणे, गिळणे हे कागदावर उतरत नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंनी तर दोघांत मिळून हाच खेळ दोन चेहऱ्यांच्या सारखेपणावर उभा केला.

सोंगाड्याच्या या उत्स्फूर्ततेशी राज्यसत्तेचे कधी पटले नाही. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांच्या नियंत्रणाचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली. ती उठली तरी संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि आजही महाराष्ट्रात नाट्यप्रयोगाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ज्याची कला समोरच्या माणसाला मिळणाऱ्या उत्तरात आहे, त्याला उत्तर आधी लिहून मंजूर करून आण असे सांगणे म्हणजे त्याची कला काढून घेणे होय. हेतू शुद्ध असेल, अश्लीलतेला आळा घालण्याचा असेल. तरीही मला तो निर्णय चुकीचाच वाटतो.

पोर्तुगीज अमलातील परिस्थिती याहून कठीण होती. सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती आणि सरकारी परवानगीवाचून सभा भरविणे हा गुन्हा होता. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी जी सभा घेतली तिचे ऐतिहासिक महत्त्व भाषणाहूनही त्या बंदीच्या भंगात आहे. जेथे नागरिकाने चारचौघांसमोर उभे राहून बोलणेच बंद, तेथे रात्री टेंभ्याच्या उजेडात मुखवटा घालून बोलणाऱ्याचे महत्त्व किती असेल, याचा अंदाज करता येतो. सरहद्दीपलीकडे तलासरी-उंबरगाव भागात वेठबिगार चालूच होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचे, अशा माणसांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी तेथील वारल्यांना संघटित केले, आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी ते सारे पुढे लिहून ठेवले. भीतीने वाकलेल्या माणसांचे ते वर्णन वाचल्यावर, हीच माणसे वर्षातून एका रात्री मालकाची नक्कल पाहून हसत असतील तर ते हसणे केवढे धैर्याचे असेल, हे ध्यानात येते.

१९५४ साली मात्र या मुलखाच्या इतिहासात रंगमंचाने प्रत्यक्षच प्रवेश केला. गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी मुक्तिसंग्रामासाठी द्रव्य उभे करण्याचे मनावर घेतले आणि लता मंगेशकरांनी त्यासाठी पुण्यात हिराबागेच्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम केला. त्या पैशाचा उपयोग शस्त्रांसाठी झाला. २२ जुलै रोजी दादरा, २८ जुलै रोजी नरोली, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. सिल्वाशावर चालून गेलेल्या तुकडीत राजा वाकणकर, नाना काजरेकर, भाषातज्ज्ञ विश्वनाथ नरवणे, शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे आणि स्वतः सुधीर फडके होते. दुसऱ्या बाजूने कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि त्यांच्याबरोबर आलेले वारली यांचाही या लढ्यात वाटा होता. एका बाजूला गायक आणि आख्यानकार, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे वेठ केलेले शेतमजूर. मराठी रंगमंचाच्या आणि या रानाच्या परंपरा त्या पावसाळ्यात एका ठिकाणी आल्या. पुढील सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने या प्रदेशाचा कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतीय संघराज्यात विलीन झाला.

त्याच १९६१ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली. पुस्तक तीन वर्षे आधी प्रसिद्ध झाले होते. आता लेखकच नट झाला आणि चाळीतील सारे भाडेकरू त्याच्या एका देहातून बोलू लागले. कीर्तनकाराचे पूर्वरंग-उत्तररंग, भारुडातील सोंगे, नाटकातला विदूषक हे सारे संस्कार त्या प्रयोगात मुरलेले होते, परंतु देवाची आज्ञा किंवा पुराणाचा आधार असे काहीही त्यात नव्हते. मध्यमवर्गीय माणसाचे जगणे हाच विषय आणि तोच आधार. पुढे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. लेखकाने स्वतः उभे राहून आपली कथा सांगायची आणि हजारोंनी ती ऐकायची, ही थाळकऱ्याची रात्र नव्या वेशात परत आली असेच म्हणावे लागेल.

तरीही येथवर हसविणारा माणूस दुसऱ्या कोणाचे तरी रूप घेत होता. ते रूप टाकून देण्याचे धाडस, माझ्या समजुतीप्रमाणे, राम नगरकरांनी केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात निळू फुले, दादा कोंडके यांच्या सहवासात तयार झालेला हा नट ‘रामनगरी’ या एकपात्री प्रयोगात स्वतःचेच आयुष्य सांगू लागला: न्हाव्याच्या घरचा जन्म, गरिबी, फजितीचे प्रसंग, लग्न, जातीमुळे वाट्याला आलेली वागणूक. यात मुखवटा नव्हता, वगातला हुजऱ्या नव्हता, चाळीतले भाडेकरूही नव्हते. आजच्या हास्यरजनीत उभा राहणारा तरुण ज्या जागेवर उभा असतो ती जागा नगरकरांनी मोकळी करून दिली. सोंगाला जी मुभा होती ती त्यांनी आपल्या नावावर घेतली, आणि म्हणून तिची जोखीमही आपल्या नावावर घेतली. १९८२ साली कांतीलाल राठोड यांनी त्यावर हिंदी चित्रपट काढला आणि त्यात अमोल पालेकरांनी मुख्य भूमिका केली. परंतु नगरकरांच्या तोंडून ऐकण्यात जो प्रत्यय होता तो वेगळाच.

लक्ष्मणराव देशपांडे यांनी मराठवाड्याच्या मातीतील बोली घेऊन १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग केला. तीन तास, एकटा नट, बावन्न व्यक्तिरेखा. बोहाड्यात जितकी सोंगे सांगतात तितकीच माणसे या एका नटात सामावली होती, आणि मुखवटा बदलायला पडद्याआड जावे लागत नव्हते. मान वळली, खांदा उतरला, आवाज घोगरा झाला की नवे माणूस उभे. प्रमाण भाषेला शरण न जाता ग्रामीण बोलीने नाट्यगृह भरते आणि विदेशातही पोचते, हे त्यांनी सिद्ध केले. ही गोष्ट ज्यांच्या बोलीला आजवर कोणत्याच नाट्यगृहाने जागा दिली नाही, त्या वारली-कोकणा तरुणांसाठी फार महत्त्वाची आहे.

त्यानंतरचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांदेखतचा असल्याने तो लांबविण्याचे कारण नाही. २००५ साली दूरचित्रवाणीवरील ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ हिंगणघाटच्या सुनील पालने जिंकले आणि छोट्या गावातील नकलाकाराला देशभरचा रंगमंच मिळाला. मराठी वाहिन्यांवर ‘फू बाई फू’, ‘चला हवा येऊ द्या’, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आले. २०१६ च्या सुमारास ‘भाडिपा’ने इंटरनेटवर आणि छोट्या सभागृहांत मराठी स्टँड-अप रुजविले. इकडे नगर हवेलीचे रूपच पालटले. १९६१ साली ज्या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती, तेथे २०११ साली ३,४३,७०९ माणसे मोजली गेली. कर-सवलतींमुळे कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर उत्तर भारतापासून महाराष्ट्रापर्यंतचे कामगार आले. येथील सभागृहात आज उभा राहणारा विनोदवीर हिंदीचा आश्रय घेतो, कारण समोर बसलेल्यांत गुजराती, मराठी, हिंदी, भोजपुरी सारेच असतात. त्यात त्याचा दोष नाही. परंतु ज्या गावांच्या जमिनीवर ही वस्ती उभी राहिली त्या गावांचे हसणे त्याच्या बोलण्यात क्वचितच येते, आणि आले तर अडाणी माणसाची नक्कल म्हणून येते. ज्या लोकांनी धन्याची नक्कल करून स्वतःला जिवंत ठेवले, तेच आता दुसऱ्यांच्या नकलेचा विषय व्हावेत, याचे मला मनापासून दुःख होते.

सिल्वाशाच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे, वाद्ये, मासेमारीची साधने व्यवस्थित मांडून ठेवलेली आहेत. देवांचे मुखवटे तेथे पाहता येतात. हसविणाऱ्या सोंगाचे शब्द मात्र कोणत्याच कपाटात नाहीत, कारण ते सोंग कधी लिहून बोललेच नाही. हे काम अजून होण्यासारखे आहे. उन्हाळ्याच्या रात्री भवाडा जेथे उभा राहतो त्या गावांत जाऊन, पूर्वी ही सोंगे ज्यांनी केली त्या वृद्धांकडून त्यांच्या बतावण्या टिपून घ्याव्यात. टिपताना त्यांची बोली मराठी किंवा गुजराती वळणावर आणू नये. समोरून कोण काय म्हणाला आणि सोंगाने त्याला काय उत्तर दिले, तेही जसेच्या तसे लिहावे. शब्द लिहून घेणाऱ्यांत त्या गावचीच शिकलेली मुले असली तर फारच बरे, कारण कोणत्या शब्दावर आजोबा हसले आणि कोणत्या शब्दावर गप्प झाले, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या ध्यानात येणार नाही.